मोठ्या बाईंना पटेल असा परिच्छेद

तलासरी,
३ जुलै २०१६

ती. सुनंदाआत्यास,
दीप्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचा मेसेज उघडणं तुझ्या जिवावर येतं, तेव्हा कागदच बरा. आमच्या शाळेतल्या जयश्री मॅडम रोज डहाणू रोडहून येतात-जातात, तुझी सरावली त्यांच्या वाटेवरच आहे. त्यांनी टपालाचं काम आनंदानं पत्करलंय. उत्तर त्यांच्याच हाती दे.

खोली चांगली मिळाली. तलासरीच्या स्टँडपासून पाच मिनिटांवर, खाली गुजराती कुटुंब आहे. मालकीणबाई रोज ढोकळा देतात नि रोज विचारतात, फाव्युं? म्हणजे मानवलं का? आता मीही फावलं म्हणायला लागलेय. शाळा सहा किलोमीटर आत आहे, सकाळच्या जीपनं जाते.

मला नववी दिली आहे, सत्तावीस मुलं. गोड आहेत गं. पण आत्या, निबंधाचं काय करू? या आठवड्यात ‘मोबाइल: शाप की वरदान’ यावर स्वतःचं मत पटवून देणारा एक परिच्छेद लिहायला सांगितला. सत्तावीसपैकी चोवीस वह्यांत तोच परिच्छेद! गाइडमधून उतरवलेला. ‘विज्ञान’ हा शब्द गाइडात चुकीचा छापलाय, तो चोवीस जणांनी तसाच चुकवलाय. अर्धा परिच्छेद शाप, अर्धा वरदान, आणि शेवटी ‘थोडक्यात काय तर योग्य वापर करावा’. कुणाला काही पटवायचंच नाहीये. ही मुलं घरी वारली बोलतात, बाजारात गुजराती, आणि आमच्याशी मराठी. तरी मधल्या सुट्टीत चेंडूवरून भांडतात तेव्हा वकिलांनी ऐकावं असं बोलतात. वहीत आलं की सगळं गप्प.

तू एकतीस वर्षं मराठी शिकवलंस. तू कसं करायचीस ते लिही. गुडघे कसे आहेत?

माया आहे तशीच राहू दे, आणि उत्तर चार ओळींत उरकू नकोस.

तुझी,
दीप्ती


सरावली,
१० जुलै २०१६

चि. दीप्तीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा अक्षरासाठी. अक्षर बिघडलंय. तिसऱ्यांदा उगीच.

त्या चोवीस मुलांवर रागावू नकोस. तू त्यांना एका वस्तूविषयी मत विचारलंस. वस्तूला कुणी काही पटवत नाही, माणसाला पटवतात. ‘मोबाइल’ समोर बसून नाही म्हणतोय का? नाही ना. मग मुलानं जीव तोडून कशाला लिहायचं? आधी त्यांना नाही म्हणणारं माणूस शोधून दे. मी एकदा आमच्या शाळेतल्या शिपाईदादांना पटवायला लावलं होतं, की वाचनालयाचं कपाट मधल्या सुट्टीत उघडा. ते दादा पक्के हट्टी होते. मुलांना नाही म्हणणारा चेहरा माहीत होता, म्हणून लिहिताना हात अडला नाही.

मग बांधणी. माझी साधी रीत होती. पहिल्या वाक्यात आपलं म्हणणं, लाजत-लपत नाही, सरळ. मग कारण. एकच, पण खरं. मग त्या कारणाला दाखला, स्वतः पाहिलेला. मग समोरचा काय म्हणेल ते आपणच सांगायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. इथे बहुतेक मुलं पळतात. आणि शेवटी पुन्हा आपलं म्हणणं, म्हणजे वाचणारा हातात काहीतरी घेऊन उठतो. आधी त्यांना त्यांच्या बोलीत तोंडानं सांगू दे. बोलून झालं की मराठीत लिहू दे. उलट केलंस तर पुन्हा गाइड उघडतील.

गुडघे बरे आहेत. तुझा आतेभाऊ परेश मात्र बरा नाही. गेल्या वर्षी मला वापीला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं, ते मी कपाटात ठेवलंय, आणि तो दर रविवारी सुरतेहून येऊन कपाटाकडे बघत बसतो. त्याला सांग, आईला डोळे आहेत, तिला कळतं.

जपून राहा. ढोकळा रोज खाऊ नकोस. आठवण ठेव म्हणत नाही, ती आहेच.

तुझी,
आत्या


तलासरी,
२४ जुलै २०१६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी माफी मागते, मग बातमी सांगते. हा क्रम तू शिकवलेला नाही, पण आज असाच हवा.

तुझ्या सांगण्याप्रमाणे नाही म्हणणारं माणूस शोधलं. आमचे मुख्याध्यापक रविंद्र सर मधल्या सुट्टीत चेंडू देत नाहीत. मी म्हटलं, सरांना पटवा. चैत्या नावाचा एक मुलगा आहे, सगळ्यात पुढे बोलणारा, तो उभा राहून म्हणाला, मॅडम, सरांना पटवायचं नसतं, ऐकायचं असतं. सगळ्यांनी माना हलवल्या. आई-बापाला पटवा म्हटलं, तर म्हणाले ते वाचत नाहीत. सरपंचांना, तर म्हणाले ते रागावतील. मला असं माणूस हवं होतं जे शिकलेलं आहे, सगळ्यांना नाही म्हणतं आणि ज्याची या मुलांना भीती नाही.

आत्या, मी तुलाच त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

सांगितलं, की माझी आत्या डहाणूजवळ सरावलीला राहते. मोठ्या बाई आहेत, तुमच्यासारख्या हजार मुलांना शिकवलंय. त्यांना ऐकू कमी येतं, घरात मशीन आहे, पण त्या लावत नाहीत. मुलाचं ऐकत नाहीत, भाचीचं ऐकत नाहीत. तुम्ही पटवा. वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. त्यांनी पहिली पंधरा मिनिटं आपसात वारलीत वाद घातला, मी त्यातलं निम्मं समजले. मग लिहायला बसले. गाइड कुणी उघडलं नाही, कारण गाइडात तू नाहीस.

सत्तावीस कागद सोबत आहेत. तू लाल पेन घेशीलच. त्यात जमनाचा कागद बघून रागावू नकोस. खिडकीजवळ बसते, वर्गात तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही, हजेरीलाही नुसता हात वर करते. सगळे पानभर लिहीत होते तेव्हा तिनं एकच ओळ लिहिली: ‘त्या का लावत नाहीत?’ काम पूर्ण केलं नाही म्हणून परत द्यायला हवा होता, पण तुझ्याकडे पाठवते.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नकोस.

तुझी अपराधी,
दीप्ती


सरावली,
२ ऑगस्ट २०१६

चि. दीप्तीस,
आशीर्वाद. (या वेळी उत्तम नाहीत, साधे.)

दोन दिवस जयश्रीला रिकाम्या हातानं परत पाठवलं, तेव्हा समजली असशील. भाचीनं आत्याला नववीच्या फळ्यावर टांगावं, हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. परेशला मात्र इतका आनंद झाला की त्यानं सगळे कागद बसून वाचले आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघून मान हलवली.

तरी कागद तपासले. लाल पेन हातात आलं की राग कमी होतो, ही माझी खोड तुला ठाऊक आहे.

चैत्याला सांग, धमकी म्हणजे पटवणं नव्हे. ‘मशीन लावलं नाही तर चारोटीला ट्रक तुम्हाला उडवील’ हे वाचून मी मशीन लावणार नाही, चारोटीला जाणं सोडून देईन. भिकानं कारणं सात दिलीत, एकाखाली एक, बाजारच्या यादीसारखी. त्याला म्हणावं, त्यातलं एक निवड आणि त्याला दाखला जोड, बाकीची सहा खोड. बारकीचं पहिलं वाक्य फार सुरेख आहे, ‘मोठ्या बाईंनी ऐकावे अशी माझी इच्छा आहे’. पण पुढे ती स्वतःच विसरली आणि तिच्या आजीच्या शेळीविषयी लिहीत गेली. शेळी चांगली उतरलीय. तिचा वेगळा परिच्छेद करायला सांग. बहुतेकांनी शेवट ‘म्हणून मशीन महत्त्वाचे आहे’ असा केलाय. महत्त्वाचे आहे हे परेशही म्हणतो. मी काय करू, ते सांगा.

आणि सगळ्यांची मिळून एक चूक. प्रत्येकानं मशीन लावल्यानं दुसऱ्याची सोय कशी होईल तेच सांगितलंय. मुलाला ओरडावं लागणार नाही, भाचीला फोन करता येईल, ट्रकवाल्याला ब्रेक मारावा लागणार नाही. समोरचा काय म्हणेल, ते कुणीही लिहिलेलं नाही. कारण मी काय म्हणेन हे कुणाला ठाऊकच नाही.

तेव्हा मला पटलेलं नाही. मशीन कपाटातच आहे.

जमनाच्या कागदावर मी काही लिहिलेलं नाही. तिला म्हणावं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

तुला खोकला आहे असं जयश्री म्हणाली, सुंठ पाठवतेय. ती तरी ऐक.

तुझी,
आत्या


तलासरी,
१५ ऑगस्ट २०१६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसले.

तुझे लाल शेरे वर्गात वाटले तेव्हा काय झालं सांगू? मुलं एकमेकांच्या कागदावर अक्षरशः पडली. आपण लिहिलं आणि दूरच्या कुणीतरी ते ओळ न् ओळ वाचून उलट उत्तर दिलं, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. चैत्या तुझा ट्रकवाला शेरा सगळ्यांना वाचून दाखवत फिरतो, जणू बक्षीसच मिळालंय. भिकानं सहा कारणं खोडली, पण खोडताना डोळ्यांत पाणी आणलं. बारकीनं शेळीचा वेगळा परिच्छेद लिहिला, तो भिंतीवर लावलाय. आता ‘कारण’ म्हटलं की वर्ग आपणहून ‘दाखला’ ओरडतो. तुझी रीत लागू पडली गं.

जमनाला तुझा निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी मी नळावर हात धूत होते तर शेजारी येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अगदी बारीक आवाजात म्हणाली, मॅडम, ते कळल्याशिवाय कसं लिहू? आत्या, मी तिचा आवाज ऐकला तो हा. आणि उत्तर मलाही माहीत नाही. मी आजवर तुला तसं विचारलंच नाही. मशीन लाव म्हटलं, का लावत नाहीस म्हटलं, पण ते रागानं. उत्तर ऐकायला थांबले नाही.

मागच्या दिवाळीचं एक सांगते. सगळे ओटीवर फराळाला बसलो होतो. बाबांनी तुमच्या लहानपणची ती विहिरीतल्या कासवाची गोष्ट काढली, सगळे हसले, तूही हसलीस. पण तू जरा आधी हसलीस आत्या. मग बाबांनी आईच्या दुखण्याचं सांगितलं, तेव्हाही तू तसंच हसून मान हलवलीस. थोड्या वेळानं तू उठून आत गेलीस ती जेवायलाच बाहेर आलीस. मला तेव्हापासून चैन नाही. तू आमच्यात बसून आमच्यात नसतेस.

सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर या परिच्छेदांचा विषय बदलीन, शपथ.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
दीप्ती


सरावली,
३० ऑगस्ट २०१६

चि. दीप्तीस,
अ. उ. आशीर्वाद.

गणपती सहा दिवसांवर आलेत, मखराचं सामान पसरलंय, आणि मी ते तसंच टाकून लिहितेय. तुझ्या आईच्या दुखण्याचं मला आज कळलं, तुझ्या पत्रातून. दहा महिन्यांनी. तिला आता कसं आहे, ते कळव.

मी नोकरी दोन वर्षं आधी सोडली, ती गुडघ्यांमुळे नव्हे. गुडघे तेव्हाही असेच होते. २०११चा जानेवारी. नववीचाच वर्ग. मी कविता म्हणून घेत होते, सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, मी हातानं ताल धरायची. त्या वेळेपर्यंत मला ओठांवरून बरंच समजायचं, त्यामुळे आपलं भागतंय असं वाटायचं. त्या दिवशी मुलांनी कविता म्हटली, मी ताल धरला, छान म्हटलं, पुन्हा म्हणा म्हटलं. तेवढ्यात शिपाईदादा सूचनेची वही घेऊन दारात आले आणि थबकले. त्यांचा चेहरा बघून मी मागे वळून वर्गाकडे नीट पाहिलं. सगळ्यांचे ओठ हलत होते. आवाज कुणाचाच नव्हता. चाळीस मुलं नुसते ओठ हलवत होती आणि मी ताल धरून छान म्हणत होते.

असं किती दिवस चाललं होतं, मी विचारलं नाही. रागावलेही नाही. तास पूर्ण केला, फळा पुसला. पुढच्या महिन्यात अर्ज दिला. निरोप समारंभात त्याच वर्गानं माझ्यावर भाषण केलं, ते मी ऐकलं नाही, बघितलं.

दीप्ती, मला बहिरेपणाचा त्रास नाही होत. लोकांना तो दिसेल, याचा होतो. कानावर मशीन लावलं की समोरच्याला आधीच कळतं, हिच्यापुढे नुसते ओठ हलवले तरी चालतील. हे मी परेशला सांगितलेलं नाही. परेशच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं, ते गेले तेव्हाही गुडघेच म्हणत होते.

त्या मुलीला हे सांग. वर्गाला वाचून दाखवायचं असेल तर दाखव. करणारी मुलंच होती, तेव्हा मुलांना कळायला हरकत नाही. आता समोरची काय म्हणेल ते त्यांच्याकडे आहे. बघू कोण उत्तर देतं.

पत्र वाचून रडू नकोस. मी लिहिताना रडले नाही, फक्त मखराचा कागद फाटला.

तुझी,
आत्या


तलासरी,
१८ सप्टेंबर २०१६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आईला आता पूर्ण बरं आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन होतं ते. तुला सगळं समोर सांगितलंय असं समजून सगळे निश्चिंत होते. आमचंच चुकलं.

तुझं पत्र वर्गात वाचलं. वाचताना एकदा थांबावं लागलं, रागावू नकोस. संपल्यावर चैत्या उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी विनोद करील. तो खाली बघत म्हणाला, की मॅडम, आम्हीपण केलं असतं. मागच्या वर्षी एका सरांना नीट दिसायचं नाही, तेव्हा आम्ही हात वर करायचो आणि सर दुसऱ्याचंच नाव घ्यायचे, आम्ही हसायचो. मग तो बसला. खरं बोलला, एवढंच मी मनात धरलं.

त्या दिवशी कुणी लिहिलं नाही. पुढचे दोन आठवडे लिहिलं. बहुतेकांनी लिहिलंय की ती मुलं वाईट होती, आम्ही तशी नाही. ते तू लगेच खोडशील म्हणून मीच खोडून घेतलं. जमनानं चार वेळा लिहिलं. आधी बारकीच्या कानाशी लागून वारलीत सांगायची, बारकी नाही म्हणाली की पुन्हा विचार करायची. मी फक्त शुद्धलेखन सुधारलंय. तिचा परिच्छेद इथेच उतरवते, मूळ कागद तिनं स्वतःकडे ठेवलाय.

‘मोठ्या बाईंनी कानाचे मशीन लावावे, असे माझे म्हणणे आहे. कारण जे लपवतो तेच लोक जास्त बघतात. माझा काका तुक्या चारोटीला रसाच्या गाडीवर होता. चरकात त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो वर्षभर हात खिशात घालून फिरला. लग्नात डाव्या हाताने जेवला. सगळे विचारायचे, खिशात काय आहे? मग भाताच्या आवणीला दोन्ही हात लागले, म्हणून त्याने हात बाहेर काढला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बघितले. चौथ्या दिवशी कोणी बघत नव्हते, लवकर रोप लाव म्हणत होते. तुम्ही म्हणाल, मुले हसतील. हसतील. आम्हीपण हसू. भिकाला चष्मा लागला तेव्हा आम्ही तीन दिवस हसलो. चौथ्या दिवसापासून फळ्यावरचे त्याच्याकडून वाचून घेतो. तुम्ही तीन दिवस थांबा.’

मी यावर काही लिहीत नाही. माझी आत्या आहेस आणि तिची वाचक आहेस, मध्ये मी कशाला?

तुझ्या उत्तराची वाट बघणारे अठ्ठावीस जण, त्यातली एक,
दीप्ती


सरावली,
२७ सप्टेंबर २०१६

चि. दीप्तीस,
अ. उ. आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी कपाटातून मशीन बाहेर काढलं. सेल संपला होता, परेशला कळवलं नाही, शेजारच्या मुलाला स्टेशनजवळ पाठवून आणवला.

पहिला दिवस. माझ्या स्वतःच्या चपला इतका आवाज करतात हे मला माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना मी पाच वर्षं काय काय सहन करायला लावलंय, तेही कळलं, कारण माझा टीव्ही लावला आणि दचकून बंद केला. भाजीवाली बायजी दारात आली, कानाकडे बघत राहिली, आणि पिशवीत वांगी टाकता टाकता हसली. मी आत जाऊन मशीन काढलं. मग ‘तुम्ही तीन दिवस थांबा’ आठवलं, पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी बायजीनं विचारलं, दुखतं का? तिसऱ्या दिवशी विचारलं, याच्यात गाणी लागतात का? काल चौथा दिवस. ती कानाकडे न बघता म्हणाली, बाई, तुमचा आवाज आता बारीक झाला, आधी किती ओरडायच्या. आणि मग अर्धा तास तिच्या सुनेविषयी बोलली. पाच वर्षं ती माझ्या दारात येते, तिला सून आहे हे मला काल कळलं.

रविवारी परेश आला. मी त्याला काही सांगितलं नाही. तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलायला लागला, मी म्हटलं, ओरडू नकोस. तो तसाच उभा राहिला. मग नेहमीच्या आवाजात बोलला. त्याचा आवाज त्याच्या बाबांसारखा झालाय. एवढंच लिहिते.

८ ऑक्टोबरला शनिवारी मी तुमच्या शाळेत येते. जयश्रीबरोबर येईन. रविंद्र सरांना विचारून ठेव.

तुझी,
आत्या


सरावली,
९ ऑक्टोबर २०१६

चि. दीप्तीस,
अ. उ. आशीर्वाद.

नेमकं काल तुला प्रशिक्षणाला पालघरला बोलावलं, म्हणून हे सविस्तर लिहिते. नाहीतर चैत्याकडून ऐकशील आणि त्यात एखादा ट्रक असेल.

मी वर्गात पाऊल टाकलं आणि मशीननं शीळ घातली. अशी घालतं ते कधी कधी, कानात नीट बसलं नाही तर. सगळा वर्ग फुटला. चैत्या तर बाकावर डोकं ठेवून हसत होता. मी दारातच उभी राहिले. दीप्ती, सत्तावीस मुलं एकदम हसतात तेव्हा किती आवाज होतो, हे मी विसरले होते. मला वाटलं होतं पाय मागे वळतील. पण कुठून कोणाचा आवाज येतोय ते ओळखण्यातच मी गुंतले. डावीकडची एक मुलगी हसता हसता उचक्या देत होती, ती बारकी. मग मीही हसले. मशीन नीट बसवलं, आणि म्हटलं, आज पहिला दिवस आहे, तुमचे अजून दोन शिल्लक आहेत.

मग सगळ्यांनी आपापले परिच्छेद वाचले. भिकानं एक कारण आणि एक दाखला दिला आणि विजयी मुद्रेनं बसला. मी प्रत्येकाला तोंडीच दहापैकी गुण देत गेले. चैत्याला सात दिले, तो उड्या मारायला लागला. शेवटी जमना उभी राहिली. इतकं हळू वाचलं की मशीनलाही पुरलं नाही. मी उठून तिच्या बाकावर शेजारी जाऊन बसले, तेव्हा ऐकू आलं. मी म्हटलं, नऊ. वर्गात सगळ्यात जास्त. टाळ्या झाल्या.

ती बसली नाही. उभीच राहिली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, बाई, एक का कापला?

मी समजावून सांगितलं, की परिच्छेदाच्या शेवटी आपलं म्हणणं पुन्हा यायला हवं, ही रीत आहे, तुझ्या मॅडमनीही तीच शिकवली. तू ‘तीन दिवस थांबा’वर सोडून दिलंस, मशीन लावा हे पुन्हा सांगितलंच नाहीस, म्हणून एक गुण. वर्गानं मान डोलावली. मला वाटलं, झालं.

ती म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं, की बाई, शेवटी पुन्हा सांगायचं ते वाचणारा विसरू नये म्हणून ना? तुम्ही कुठे विसरलात? तुम्ही लावून आलात की.

तिनं म्हणणं मांडलं, कारण दिलं, दाखला म्हणून मलाच पुढे केलं, आणि मी काय म्हणेन तेही बोलून टाकलं. उभ्याउभ्या. शेवट पुन्हा सांगितला नाही, हेही खरं. एकतीस वर्षं मी त्या शेवटच्या वाक्यासाठी मुलांचे गुण कापत आले आहे. किती मुलांनी गप्प बसून ते सोसलं असेल, कोण जाणे. मी पेन काढलं, तिच्या कागदावर दहा लिहिले आणि सही केली.

तेव्हा ती बसली.

सुट्टीत घरी ये. माझ्याशी हळू बोललीस तरी चालेल. आणि लोभाचं म्हणशील तर तुझ्यावर होताच, आता तुझ्या वर्गालाही त्यात वाटा द्यावा लागेल.

तुझी,
आत्या